शहागंजातलं बिनपाटीचं नाण्यांचं दुकान

छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) शहागंजच्या घड्याळाकडून सिटी चौकाकडे निघालं की अत्तराच्या आणि टोप्यांच्या दुकानांमध्ये दबलेलं एक अरुंद दुकान लागतं. पाटी नाही. बाहेरच्या काचेच्या पेटीत जुनी कुलपं आणि बंद पडलेली मनगटी घड्याळं मांडलेली असतात, त्यामुळे लोक बघून पुढे जातात. खरा माल आत आहे, तो म्हणजे नाणी. मी रेल्वेचं चित्र असलेली नाणी जमवतो आणि गेल्या दीड वर्षात तिथे पाच खेपा झाल्या. पूर्णेहून तपोवन एक्स्प्रेसने जातो, रात्री परत.

पहिल्यांदा गेलो तो भोलूसाठी. भारतीय रेल्वेला १५० वर्षं झाली तेव्हा, २००३ साली, दोन रुपयांचं नाणं निघालं होतं. त्यावर हातात बत्ती घेतलेला हत्ती आहे, रेल्वेचा भोलू गार्ड. आमचे वडील पूर्णेला मीटरगेजवर गार्ड होते, म्हणून मला ते नाणं हवंच होतं. आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं. फोटोत झकास दिसत होतं. हातात आलं तर कुणीतरी पॉलिश मारून मारून भोलूचं तोंड सपाट केलेलं. चमक होती, पण डोळा कुठे अन् सोंड कुठे ते कळेना. परत घ्यायलाही तो तयार झाला नाही.

शहागंजच्या या दुकानाच्या चाचांनी पत्र्याच्या डब्यातून एकदम सात-आठ भोलू काढून मखमलीच्या तुकड्यावर ओतले. भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आराम से देखो सर." घाई नाही, "घेता का?" नाही. मग त्यांनीच दाखवलं कुठे बघायचं ते. सगळ्यात आधी झिजतो तो उंचवटा, म्हणून बत्ती आणि सोंड आधी बघायची. मग सालापाशी टाकसाळीची खूण. हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नाणं काट्यावर ठेवलं, सहा ग्रॅम भरलं. मी निवडलेलं जरा काळपट होतं. घरी चिंच-मीठ लावू का, विचारलं, तर त्यांनी नाणं परत स्वतःच्या हातात घेतलं. "इसकू घिसना नको सर. रंग आता, मुँह चला जाता." किंमत चाळीस रुपये. चाळीस रुपयांच्या गिऱ्हाइकाला त्यांनी पाऊण तास दिला. हे मला फार मोठं वाटतं.

रात्री घरी आल्यावर वडिलांच्या हातात ठेवलं. त्यांना आता बारीक दिसत नाही. त्यांनी अंगठ्याने कडा मोजल्या, अकरा भरल्या, मग हत्तीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बत्ती वर हाय. गाडी सुटली."

दुसऱ्या खेपेला त्याच सालचं रेल्वेचं शंभर रुपयांचं चांदीचं नाणं बघितलं. ३५ ग्रॅम वजन, ४४ मिलिमीटर, निम्मी चांदी. ते चलनात कधी आलंच नाही, टाकसाळीने संग्राहकांसाठी काढलं. माझ्या खिशाला झेपलं नाही.

घेतलं ते इंग्लंडचं २००४ सालचं दोन पौंडाचं, साडेचारशे रुपयांना. रिचर्ड ट्रेव्हिथिकचं वाफेचं इंजिन वेल्समध्ये १८०४ साली रुळांवरून धावलं, त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून काढलेलं. दोन धातूंचं आहे, मधे रुपेरी आणि बाहेर सोनेरी. इंजिनाभोवती दातेरी चाक आहे आणि नाणं उभं धरलं की कडेवर पुलाच्या कमानी दिसतात. ही कड भिंगाखाली धरून फिरवत बसलो आणि जेवायची वेळ टळली.

दुकानात सगळ्यात जास्त खप हाली सिक्क्याचा, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या नाण्यांचा. गावोगावचे लोक आजीच्या गाठोड्यातले सिक्के घेऊन येतात. निजामाची स्वतःची रेल्वे होती, स्वतःचं चलन होतं, आमची मनमाड-सिकंदराबाद लाइन त्याच रेल्वेची. पण नाण्यावर चारमिनारच राहिला, इंजिन कधी आलं नाही. याची मला अजून हळहळ वाटते.

एक तक्रार आहे आणि ती चाचांना तोंडावर सांगितली आहे. अल्बम तिथून घेऊ नका. पानं मऊ पीव्हीसीची आहेत, उघडलं की प्लास्टिकचा वास येतो. अशा पानांत नाणं काही वर्षं राहिलं तर त्यावर हिरवट चिकट थर धरतो. तांबं-निकेलच्या भोलूलाही तो सोडत नाही. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या, ते तिथेच मिळतात. फक्त पिना घरी पक्कडीने दाबून घ्या, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा उठतो.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. कार्ड चालत नाही, सुट्टे न्या.

लंडनच्या भुयारी रेल्वेला २०१३ साली १५० वर्षं झाली तेव्हा दोन पौंडाची दोन वेगवेगळी नाणी निघाली, एकावर बोगद्यातून येणारी गाडी आहे. ते गाडीवालं हवंय म्हणून सांगून आलोय. चाचांनी वहीत लिहून घेतलं, समोर "पूर्णेवाले सर" एवढंच. ॲडव्हान्स देत होतो, घेतला नाही.