ऑप्शन फॉर्म "भरून देणाऱ्या" सरांनी भाचीला कसं गंडवलं

जून लागला की इंजिनिअरिंगचे अॅडमिशन काउन्सेलर गावोगाव उगवतात. त्यातल्या एकाने माझ्या भाचीला कसं गंडवलं ते सविस्तर लिहितोय, कारण हा पैसे घेऊन पसार होण्याचा प्रकार नाही. माणूस ऑफिसात बसलेला असतो, चहा पाजतो, पावती देतो, आणि पोरीची चार वर्षं कमिशनवर विकून मोकळा होतो.

बहीण, म्हणजे आक्का, बार्शीला असते, दाजींचं छोटं दुकान आहे. भाचीला २०२५ च्या सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ९१ च्या वर पर्सेंटाईल पडले. ओबीसी, नॉन क्रिमीलेयर वेळेत काढलेलं, उत्पन्न आठ लाखाच्या आत, म्हणजे जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. फक्त अॅडमिशन कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेलं पाहिजे. ही शेवटची अट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिथेच अडकलं.

दाजींना दुकानातल्या गिऱ्हाईकाने सोलापूरच्या एका सरांचा नंबर दिला. सर म्हणजे कुठे शिकवत नाहीत, पण त्यांना सगळे सरच म्हणतात. ऑफिसात भिंतभर पोरांचे फोटो आणि खाली सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी अशी नामांकित कॉलेजांची नावं. आता ज्या पोराला ९९ च्या वर आहेत त्याला सीओईपी मिळायला हे सर कशाला लागतात, पण आईबाप भिंत बघूनच निम्मे गार होतात. पॅकेज पंधरा हजार, "गॅरंटीड", पावतीवर मात्र नुसतं "मार्गदर्शन शुल्क".

पहिल्या दिवशी लॅपटॉपवर सॉफ्टवेअर उघडून पर्सेंटाईल टाकले, पुण्यातल्या चांगल्या चांगल्या कॉलेजांसमोर हिरव्या टिका आल्या, "ताई, पुण्यात कॉम्प्युटर ब्रँच फिक्स समजा." आक्का खूश. खरी गोम अशी की कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक कॉलेज आणि ब्रँचखाली कॉलम असतात, त्यांचे कोड असतात. सुरुवातीचा जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मग कॅटेगरी, आणि शेवटी एच, ओ नाहीतर एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या युनिव्हर्सिटीच्या बाहेरची पोरं, एस म्हणजे स्टेट लेव्हल. बार्शीची पोरगी सोलापूर विद्यापीठाची, म्हणून पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांना तिच्यासाठी ओ चा आकडा बघायचा. सरांनी दाखवलेले सगळे आकडे एच चे होते. मी नंतर पीडीएफ काढून एकेक जुळवले, पाच-सहा ठिकाणी तर ओ ला ती कुठेच बसत नव्हती. आणि अजून एक, त्या पीडीएफमध्ये वर मेरिट नंबर असतो आणि खाली कंसात पर्सेंटाईल. लोक फक्त कंस वाचतात. दरवर्षी परीक्षेला बसणारे कमीजास्त होतात, त्यामुळे तेवढ्याच पर्सेंटाईलला मेरिट नंबर वेगळा येतो, म्हणून नंबर नंबराशी ताडून बघायचा. सरांच्या सॉफ्टवेअरला याचा पत्ताच नव्हता, किंवा सगळा पत्ता होता.

पैसे जमा झाले आणि भाषा बदलली. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचच्या पसंतीची यादी, भरायच्या आठवड्यात फोन, "यंदा कटऑफ भयंकर चढणार आहेत, सेफ कॉलेज वर ठेवावं लागेल, नाहीतर कम्प्युटर खालचे ऑप्शन बघतच नाही." हे शंभर टक्के खोटं आहे. अलॉटमेंट मेरिट नंबरच्या क्रमाने होते, तुमचा नंबर आला की यादी वरून खाली वाचली जाते आणि जिथे पहिली सीट शिल्लक सापडेल ती तुमची. वरचे वीस ऑप्शन नाही मिळाले तरी एकविसाव्यावरचा हक्क जराही कमी होत नाही. तीनशेपर्यंत ऑप्शन टाकता येतात, ते फुकट आहेत! म्हणून यादी चान्सच्या क्रमाने लावायचीच नसते, आवडीच्या क्रमाने लावायची. वर जिथे थोडं कमी पडतंय अशी, मग गेल्या वर्षीच्या आकड्याच्या आसपासची, आणि तळाला जी मिळणारच पण जिथे जायची खरंच तयारी आहे अशी. तळाचीसुद्धा जाऊन बघून टाकायची. नवीन ब्रँच, वाढलेल्या सीटा यामुळे आकडे इकडेतिकडे होतात, २०२४ पासून एआयसीटीईने (कॉलेजांना मान्यता देणारी केंद्राची संस्था) सीटांवरची मर्यादा काढल्यावर कॉम्प्युटरच्या सीटा बऱ्याच ठिकाणी वाढल्या, म्हणून एकाच वर्षाचा आकडा धरून बसायचं नाही.

आता वर काय आहे याला २०२५ पासून जास्तच किंमत आली. कॅपचे राऊंड तीनचे चार झाले, आणि पहिल्या राऊंडला पहिला ऑप्शन मिळाला तर सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. फ्रीज झाली की पुढच्या राऊंडला बेटरमेंट, म्हणजे वरच्या ऑप्शनसाठी परत प्रयत्न, नाही. म्हणजे ज्याच्या हातात तुमचा पहिला नंबर, त्याच्या हातात तुमचं अॅडमिशन. दलालांनी हा नियम आपल्यापेक्षा आधी वाचलाय.

सरांनी लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला होता, "सर्व्हर स्लो असतो, आम्ही रात्री भरतो." ओटीपी आला तोही फोनवर विचारून घेतला. दाजींना व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली ती वेगळी, कन्फर्म केली ती वेगळी. कन्फर्म केलेल्या यादीत एक नंबरला पुण्याच्या नावावर खपणारं पण पुण्यापासून चांगलंच लांब असलेलं एक कॉलेज, एआय डेटा सायन्स. गेल्या वर्षी तिथे तीच ब्रँच, तोच मुलींचा ओबीसी कॉलम पन्नाशीच्या घरात बंद झालेला. ९१ वाल्या पोरीला ते पहिल्या राऊंडला न मिळण्याची शक्यताच नव्हती. लागलं, फ्रीज झालं, विषय संपला. तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाईलच्या मैत्रिणीने स्वतः सायबर कॅफेत बसून फॉर्म भरला होता, तिला दुसऱ्या राऊंडला सोलापुरातच चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं, रोज घरून जाते.

दाजी ऑफिसात गेले तर सर शांत. "दाजी, फॉर्म तुमच्याच लॉगिनमधून कन्फर्म झालाय ना?" वर सांत्वन म्हणून दुसरा धंदा पुढे केला, ही सीट सोडा, पुण्यात मॅनेजमेंटची सीट करून देतो, दीड लाख कॅश, वरची फी वेगळी, बुकिंगला पंचवीस हजार आजच. कॅपची सीट सोडून इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या मॅनेजमेंटच्या सीटवर, गेलं की ती कॅपची अट मोडते आणि फी माफी जाते, चार वर्षं पूर्ण फी भरा. हे त्यांनी सांगितलं नाही, भाचीनेच जीआर वाचून दाखवला. डोनेशन घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी कायद्याने बंद आहे, आणि इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटासुद्धा अर्ज मागवून मेरिटनेच भरायच्या असतात. तेवढ्यावरून दाजी तिथून उठून आले.

त्यानंतर करमाळ्याचे एक पालक भेटले, त्यांच्या मुलाला ७४ पर्सेंटाईल, ओपन. दोघांनी याद्या शेजारी ठेवल्या तर पहिले चार ऑप्शन तेच, त्याच क्रमाने. ९१ ची ओबीसी मुलगी आणि ७४ चा ओपन मुलगा, पसंती सेम! आक्काला पाठवलेल्या एक्सेल फाईलच्या खाली शीटच्या नावात तर तिसऱ्याच कुठल्या तरी पोराचं नाव तसंच राहिलेलं होतं, पुसायचेही कष्ट घेतले नव्हते.

भाचीने अॅडमिशन घेतलं, दुसरा मार्ग नव्हता. हॉस्टेल कॉलेजचंच घ्यावं लागलं कारण जवळ गावच नाही, आणि हॉस्टेल-मेसचा खर्च फी माफीत येत नाही, त्यामुळे फुकट शिक्षण दाजींना बरंच महागात पडलंय.

पोलिसांकडे गेलो तर पासवर्ड तुम्हीच दिलात इथेच गाडी अडली. मग ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन केला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पावती, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली यादी आणि पोर्टलवरची कन्फर्म यादी, तिन्ही जोडलंय. पोर्टलवरची प्रिंट लॉगिन परत ताब्यात घेऊन पासवर्ड बदलून काढली, ज्यांचं कुणाचं लॉगिन असं बाहेर आहे त्यांनी आधी तेवढं करा. करमाळ्याचे पालकही सोबत यायला तयार झालेत. सरांचा निरोप आला होता की सात हजार परत देतो, तक्रार मागे घ्या. दाजींनी उत्तर दिलेलं नाही.