‘मसाया’चे स्कोअर : कोणत्या आवृत्तीवर किती विसंबायचं?

संगीतकार हँडेलच्या ‘मसाया’ या ऑरेटोरिओची (सोलो गायक, कोरस आणि वाद्यवृंदासाठीच्या इंग्रजी धार्मिक रचनेची) अचूक स्कोअर, म्हणजे स्वरलिपीची प्रत, कोणती, हे ठरवणं अवघड आहे, कारण खुद्द हँडेलनंच ती एकदा लिहून बाजूला ठेवली नाही. २२ ऑगस्ट १७४१ला सुरू झालेलं लेखन १४ सप्टेंबरला पुरं झालं, १३ एप्रिल १७४२ला डब्लिनमध्ये पहिला प्रयोग झाला आणि पुढची कित्येक वर्षं, हाताशी जे गायक असतील त्यांच्याप्रमाणे तो सोलो (एकट्यानं गायचे भाग) बदलत राहिला. म्हणून चांगला संपादक एकच पाठ खरा ठरवून मोकळा होत नाही. कोणता पाठ कोणत्या प्रयोगाचा आणि कोणती खूण हँडेलची नसून संपादकाची, हे तो छपाईतच दाखवतो. आमची कसोटी हीच.

हातात कोणताही व्होकल स्कोअर (गायकांचे भाग आणि वाद्यवृंदाऐवजी पियानोची साथ असलेली प्रत) आला की आधी ‘बट हू मे अबाइड’ हा सोलो उघडा. हँडेलनं हे मुळात बाससाठी, म्हणजे पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजासाठी, पूर्ण ३/८ तालात लिहिलं. मधला झंझावाती प्रेस्टिसिमो (अतिद्रुत भाग) १७५०चा, आल्टो या वरच्या पट्टीत गाणाऱ्या ग्वादाग्नी या गायकासाठी घातलेला. नंतरच्या छापील प्रतींनी हा आल्टोचा पाठ बासच्या तोंडी दिला आणि शर्मरची १९१२ची नोबल आवृत्ती आजही तोच गिरवते. दुसरी खूण ‘रिजॉइस ग्रेटली’ हा सोलो: ४/४च्या पाठाबरोबर आधीचा १२/८चा पाठ दिला आहे का? तिसरी ‘ग्लोरी टू गॉड’ हा कोरस: तिथं ट्रम्पेटवर हँडेलचीच ‘दा लोंतानो’, म्हणजे दुरून वाजवा, अशी सूचना आहे. ती गाळून भलतेच फोर्टे (मोठ्यानं) छापलेले दिसले, तर बाकीच्या पियानो (हळू) आणि क्रेशेंडो (वाढत्या आवाजाच्या) खुणांवरही भरवसा ठेवू नका. हँडेलनं अशा खुणा फार थोड्या लिहिल्या आहेत.

प्राउटची १९०२ची आवृत्ती तिच्या काळात मोठं काम होती. हस्तलिखिताशी ताडून तिनं बऱ्याच चुका काढल्या. पण वाद्यवृंदात त्यानं स्वतःची भर घातली, त्यामुळे आज ती इतिहास म्हणूनच वाचावी. नोव्हेलोची वॉटकिन्स शॉ आवृत्ती (१९५९, सुधारित १९९२) मात्र कामाचा घोडा आहे. अलंकारांच्या आणि बदललेल्या लयीच्या सूचना ती लहान टाइपात, मूळ स्वरांपासून वेगळ्या देते. नवख्या गायकांना एवढं आधीच सांगा, नाहीतर ते लहान टाइपही मूळ समजून पाठ करतात.

बेरेनरायटरची जॉन टोबिन आवृत्ती (१९६५) भक्कम अभ्यासावर उभी आहे, पण त्याचे सुचवलेले अलंकार आमच्या मते फार दाट आहेत. शिवाय इंग्रजी आणि जर्मन शब्द एकाखाली एक असल्यानं पहिल्या वाचनात नजर चुकते.

अचूकतेत आमचा कौल पीटर्सच्या डोनाल्ड बरोज आवृत्तीला (१९८७). पान स्वच्छ, संपादकाची लुडबुड कमी आणि पर्यायी पाठ नीट ओळखू येतात. ऑक्सफर्डची क्लिफर्ड बार्टलेट आवृत्तीही (१९९८) त्याच तोलाची; पर्याय निवडून प्रयोग बांधणाऱ्या संचालकाला ती विशेष सोयीची.

इंटरनेटवरच्या फुकट प्रतींबाबत सरसकट मत देता येत नाही. क्रिसांडर या एकोणिसाव्या शतकातल्या संपादकाच्या आवृत्तीचं स्कॅन आणि कुणीतरी हौसेनं टाइप केलेली फाइल यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. टाइप केलेल्या प्रतीत चुका ठरलेल्या जागी होतात. १८व्या शतकात शार्प-फ्लॅटची (स्वर चढवण्या-उतरवण्याची) खूण बहुधा त्या स्वरापुरती असे, आज ती बार (तालाचं एक आवर्तन) संपेपर्यंत चालते. रूपांतर करताना नॅचरल (स्वर पुन्हा मूळपदावर आणणारी खूण) राहून जातो आणि बारच्या शेवटी एक स्वर खोटा लागतो. जुन्या सी-क्लेफमधून (ओळीच्या सुरुवातीची, स्वरांची जागा ठरवणारी खूण) टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, उतरवताना नव्या क्लेफखालचा, एक सप्तक खाली गा असं सांगणारा ८ गळतो. बार ओलांडणारे टाय (एकच स्वर लांबवणाऱ्या जोडरेषा) तुटतात आणि लांब तानेत शब्दाचं अक्षर एका स्वरानं पुढं सरकतं.

तपासायचं तर चारही आवाज एकेकटे वाचा, प्रत्येक बारची मात्रा मोजा, मग कॅडेन्सच्या (ओळ संपवणाऱ्या स्वरसमूहाच्या) आधीचे दोन बार विश्वासू आवृत्तीशी ताडा. खोटे स्वर बहुतेक तिथंच सापडतात. तरी शंका उरली तर ब्रिटिश लायब्ररीतलं हस्तलिखित आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियनमधला संचालनाचा स्कोअर, हे दोन मूळ आधार आहेत.

एकाच कॉयरमध्ये (गायकवृंदात) दोन आवृत्त्या आल्या, तर पान किंवा क्रमांक पुकारू नका. ‘हालेलुया’ शॉमध्ये ४४वा आहे, बेरेनरायटरमध्ये ३९वा. शेवटचा ‘वर्दी इज द लॅम्ब’ एकीकडे ५३, दुसरीकडे ४७. कोरसचे पहिले शब्द आणि त्या कोरसमधला बार क्रमांक सांगा. आणि शॉच्या व्होकल स्कोअरबरोबर वाद्यांना जुन्या प्राउटच्या पार्ट्स देऊ नका. तालमीचा अर्धा वेळ लयी जुळवण्यातच जाईल.