१५ शेक की ५? मावशीच्या निमित्तानं

मावशीचं ब्रेस्टचं ऑपरेशन झालं, आता रेडिएशन, म्हणजे शेक, आणि घरात एकच चर्चा चालू आहे, तीन आठवडे १५ शेक घ्यायचे की एका आठवड्यात ५ मध्ये उरकायचं.

मला आधी वाटलं ५ म्हणजे कटछाट, पण तसं नाही नं. ब्रिटनमधल्या फास्ट फॉरवर्ड ट्रायलमध्ये ४०९६ पेशंट होते, निकाल २०२० मध्ये आला. १५ वेळा मिळून ४० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), ५ वेळा मिळून २६ ग्रे, आणि पाच वर्षांत त्याच ब्रेस्टमध्ये कॅन्सर परतला तो १५ वाल्यांत २.१ टक्के, ५ वाल्यांत १.४ टक्के, म्हणजे ५ वाला कमी पडला नाही.

रोजचा डोस मात्र मोठा असतो बरं का, आणि काखेतल्या गाठींनाही शेक द्यायचा असेल तर १५ चा अनुभव जास्त जुना, तिथं डॉक्टर सांगतील तेच.

पण मावशी काटोलहून एसटीनं येते, मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, शेकासाठी छातीवर काढलेल्या खुणा घामानं पुसतील म्हणून जीव मुठीत. शेक पाच मिनिटांचा अन् बाकडं दोन तासांचं. हे १५ दिवस करायचं म्हणजे काकांची मजुरीही गेली. काखेतल्या गाठींत कॅन्सर नसेल तर मी तरी ५ चंच विचारीन.