मॅरेथॉन की बेअरफूट गिबोंग? रविवारी एकच बघायचा असेल तर

पळणं, अपंगत्व आणि आई, तिन्ही असलेला कोरियन सिनेमा म्हटलं की दोन नावं निघतात, २००५चा 'मॅरेथॉन' आणि पुढच्याच वर्षी आलेला 'बेअरफूट गिबोंग'. दोन्ही खऱ्या माणसांवरून, दोन्हीत मुलगा वयाने मोठा पण समज लहान पोराची, आणि रुमाल दोन्हीला लागतो. मी एक तीनदा बघितला आणि एक दीडदा, आता हिशोब तुम्हीच लावा.

गिबोंगची गोष्ट सरळ आहे. चाळिशीचा माणूस, दक्षिण कोरियातल्या नामहेच्या दारेंगी गावात म्हाताऱ्या आईबरोबर राहतो. कुणी चांगलंचुंगलं खायला दिलं की गार व्हायच्या आत आईला पोचवायचं म्हणून अनवाणीच पळत सुटतो, तीच त्याची प्रॅक्टिस. आईचे दात गेलेत, शर्यत जिंकून तिला कवळी घ्यायचीय. हे कवळीचं मला फार म्हणजे फारच आवडलं, देशाचं नाव, स्वप्न वगैरे काही भानगड नाही, आईला नीट चावता यावं एवढंच. आणि गाव काय दिसतं हो, भातखाचरं पायऱ्यापायऱ्यांनी पार समुद्रापर्यंत उतरलेली आणि हा त्यातून पळतोय. आई झालेल्या किम सू-मी (२०२४ मध्ये गेल्या) मुलगा झालेल्या शिन ह्यून-जूनपेक्षा जेमतेम १९ वर्षांनी मोठ्या, पण बघताना शंकाही येत नाही.

माझं अडलं ते दुसरीकडेच. शिन ह्यून-जून सिनेमाभर तोंड वेडंवाकडं करून बोलतो, मेहनत दिसते, नाही असं नाही, पण तो चेहराच बऱ्याचदा विनोद म्हणून वापरलाय. एकट्याने बघताना मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा घरी लावला तेव्हा मावशी आलेली, तिचा मुलगा बत्तीस वर्षांचा, ऑटिस्टिक, आतल्या खोलीत पंख्याकडे बघत बसलेला. एका सीनला आम्ही सगळे खो खो हसलो आणि मावशी उठून चहा टाकायला गेली. चहा आत्ताच झाला होता. बोलली काहीच नाही, पण मग प्रत्येक विनोदाला मी आधी किचनच्या दाराकडे बघायला लागलो आणि शेवटी डोकं दुखतंय म्हणून बंदच केला.

मॅरेथॉनमध्ये हसू नाही असं नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा म्हणून शाळेत पाठवलेला कोच, एकेकाळी बोस्टन मॅरेथॉन जिंकलेला, आता निव्वळ आळशी, आपल्या नायकाला, चोवॉनला, टाळायला मैदानाच्या शंभर फेऱ्या मार म्हणतो आणि विसरून जातो. पोरगा खरंच मारतो. पण इथे फजिती कोचची होते. झेब्रा आणि चोको पाय (चॉकलेटचं आवरण असलेला केकसारखा खाऊ) यांचं वेड असलेला हा चोवॉन चो सुंग-ऊने असा केलाय की मेट्रो स्टेशनवरचा सीन मला अजून धड बघवत नाही. झेब्र्यासारख्या पट्ट्यांचा स्कर्ट दिसला म्हणून तो हात लावतो, मार खातो, आई धावत येते आणि तोच ओरडायला लागतो, 'आमच्या मुलाला अपंगत्व आहे!' आई लोकांना जे सांगत आली, तेच शब्द.

आणि ही आई देवी वगैरे नाही. धाकट्याकडे लक्ष नाही, नवरा वेगळा राहतो, आणि पोरगं आपल्या एक दिवस आधी जावं एवढीच हिची इच्छा. कोच तिला तोंडावर सुनावतो की त्याला तुमची नाही, तुम्हालाच त्याची गरज आहे. आमच्या घरी हा बघताना यावर मावशी टीव्हीलाच म्हणाली, 'याला काय जातंय बोलायला!' मग माझी आई म्हणाली अगं पण थोडं खरंच आहे ते, आणि दोघी बहिणींची जी जुंपली ती साडेअकरापर्यंत. इतक्या वर्षांत या विषयावर मावशी आमच्यासमोर पहिल्यांदा बोलली असेल.

खोट काढायचीच तर मधे जरा लांबतो, आणि सिनेमाचं कोरियन नाव मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचं आहे, चोवॉन डायरीत लिहितो तसं, ती गंमत सबटायटलात जाते. पळणाऱ्यांसाठी एक सांगतो, ज्याच्यावरून हा बेतलाय तो बे ह्योंग-जिन २००१ मध्ये कोरियातल्या चुनचॉनची मॅरेथॉन २ तास ५७ मिनिटांत पळाला होता, तीन तासांच्या आत, चेष्टा नाही.

अर्थात हे आमच्या घरचं झालं, हलकंफुलकं हवं असेल तर तुम्हाला गिबोंगच आवडेल कदाचित. दोन्ही बघणारच असाल तर गिबोंग आधी लावा, उलट क्रमाने त्याचा निभाव लागणं कठीण आहे. आणि मॅरेथॉन लावायच्या आधी चोको पायचा एक बॉक्स आणून ठेवा, आमच्याकडे मध्येच दुकानात पळावं लागलं होतं, मावसभावासाठी.