आठ महिने वर्कस्टेशनवर: वरातीचे ट्रॅक जमले, आखाजीची गाणी अडली

दिवाळीत घेतलेल्या 61 कीच्या वर्कस्टेशनला (एकेक वाद्य वाजवून अख्खं गाणं आतच जुळवता येतं असा कीबोर्ड) आता आठ महिने झाले. त्याआधी दहा वर्षं अमळनेर, पारोळा, चोपडा या भागात लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवला. (आमच्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड म्हणजे कॅसिओच.) मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण खालचं बहुतेक सगळं या वर्गातल्या कुठल्याही पेटीला लागू पडेल.

पहिला महिना नुसती चिडचिड. स्टाइलवाल्या कीबोर्डवर डाव्या हाताने कॉर्ड धरली की ठेका, बास, गिटार सगळं आपोआप हजर. इथे तसं काही नाही. सोळा ट्रॅक रिकामे, ढोल आधी वाजव, मग बास, मग वरचं. बँडमधल्या पोरांनी विचारलंसुद्धा, "दादा, जास्त पैसे देऊन कमी काम करणारा कॅसिओ आणला का?"

फरक कळला तो लग्नसराईत. सिक्वेन्सर, म्हणजे वाजवलेलं नोंदवून ठेवणारा भाग, आवाज साठवत नाही, कोणती की, किती जोरात आणि कधी दाबली एवढंच साठवतो. जोर 1 ते 127 अशा आकड्यांत. त्यामुळे वाजवून झाल्यावर शहनाईच्या जागी क्लॅरिनेट लावा, टेम्पो वाढवा, पट्टी बदला, पुन्हा वाजवायची गरज नाही. ऐनवेळी गायक बदलला आणि नव्याची पट्टी काळी एक निघाली, तरी अख्खं गाणं दोन बटणांत खाली येतं. कॉर्ग एम-वनने 1988 मध्येच टोन (वाद्यांचे आवाज), ड्रम, इफेक्ट आणि आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर एका पेटीत दिला होता. आमच्या वरातीपर्यंत हे यायला एवढी वर्षं का लागली, देव जाणे.

मित्राच्या कीबोर्डवर मिडी फाइल (सिक्वेन्सरच्या याच नोंदींची फाइल) नेली तेव्हा मात्र फजिती झाली. मी मेहनतीने घडवलेली शहनाई त्याच्याकडे चक्क पियानो होऊन वाजली. फाइलमध्ये फक्त टोनचा नंबर जातो, टोन जात नाही. 1991 च्या जनरल मिडी यादीत 128 टोन ठरलेले आहेत, त्यात शहनाई 112 वी आणि ड्रमला चॅनल 10. बाहेर द्यायच्या फाइलला आता हेच नंबर लावतो. वाजतं जरा पातळ, पण शहनाईची शहनाई राहते.

लाइट. याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. गाणं सेव्ह करेपर्यंत ते कच्च्या मेमरीत असतं, आणि आमच्याकडे लाइट विचारून जात नाही. दोन रात्री खपून बसवलेलं कानबाईचं (आमच्या खानदेशातली देवी) गाणं असंच गेलं. चूक माझीच. आता प्रत्येक ट्रॅकनंतर कार्डावर सेव्ह, आणि अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डवर.

खरी परीक्षा आईने घेतली. तिला आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), गौराईची गाणी भरपूर येतात, ती तिच्याकडून रेकॉर्ड करून घ्यायची हाच वर्कस्टेशन घेण्यामागचा निम्मा हेतू. आधी पट्टीच सापडेना. काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधेच कुठेतरी तिचा सूर. तिला सुरात आणण्यापेक्षा मशीन तिच्याकडे नेणं सोपं, म्हणून मास्टर ट्यून पन्नास सेंट, म्हणजे शेजारच्या दोन कींमधलं निम्मं अंतर, वर केला. जमलं.

लय जमेना. क्लिक (मशीनची टिकटिक) लावून तिला गायला बसवलं तर दुसऱ्या कडव्यात थांबली. "तुना मशीनना मांगे मी काब्र पयू रे?" (तुझ्या मशीनच्या मागे मी का पळू?) मग क्लिक बंद करून तिला मोकळं गाऊ दिलं, तिच्यासोबत ढोलकी वाजवून रेकॉर्ड केली आणि नंतर क्वांटाइझ मारलं, म्हणजे पुढेमागे पडलेले ठोके मशीनला नेमक्या मात्रेवर ओढायला लावलं. सगळे ठोके सरळ रेषेत, गाणं मेलेलं. माझ्या मशीनमध्ये एका मात्रेचे 480 भाग पडतात. टेम्पो 100 (मिनिटाला 100 मात्रा) असेल तर एक भाग सव्वा मिलिसेकंदाचा. आई समेवर यायच्या आधी जे रेंगाळते ते चाळीसेक भागांचं, म्हणजे 50 मिलिसेकंद. गाण्याची सगळी मजा तेवढ्यात आहे, आणि क्वांटाइझ नेमकं तेच पुसतं. क्वांटाइझची टक्केवारी 30 वर ठेवली तेव्हा थोडा जीव राहिला, पण गाताना तिची लय सरकते त्याचं काय?

सुचलं ते घरातच. ही गाणी झोक्यावरची. ओट्यावरच्या बंगईवर (झोपाळ्यावर) तिला बसवलं आणि कडीच्या कुरकुरीवर टॅप टेम्पो (बटण दाबून लय देण्याची सोय) दाबत गेलो. साडेसहा फुटांच्या कड्यांची बंगई जाऊन यायला तीन सेकंदांना थोडं कमी घेते. एका फेरीत चार मात्रा धरल्या तर टेम्पो 84 च्या आसपास. झोका मोठा घ्या नाहीतर लहान, फेरीला वेळ जवळजवळ तेवढाच, त्यामुळे आई पळतही नाही आणि मागेही राहत नाही. रेंगाळणं मात्र तसंच.

माइकचं रेकॉर्डिंग माझ्या मशीनमध्ये सगळं मिळून एकाच स्टिरिओ फाइलमध्ये होतं, मिनिटाला साधारण 10 एमबी. गळा नंतर वेगळा काढता येत नाही, हा मोठा तोटा. त्यामुळे आईच्या रेकॉर्ड केलेल्या चारही गाण्यांत बंगईची कुरकुर ऐकू येते. कडीला तेल घालायचं म्हणून वडील दोनदा डबा घेऊन आले, दोन्ही वेळा परत पाठवलं.