बायपोलर आणि निद्रानाश: ट्रॅझोडोन, मिर्टाझापिन की क्वेटायपिन?

बायपोलर म्हणजे मूड कधी बेफाम चढण्याचा (मेनिया), तर कधी नैराश्यात उतरण्याचा आजार. त्यात झोपेच्या गोळीचं नाव ठरवण्याआधी एक बघा: झोप येत नाहीये, की झोपेची गरजच वाटत नाहीये? रात्रभर कूस बदलून सकाळी अंग आंबलेलं असेल तर तो निद्रानाश. पण माणूस तीन तास झोपून पहाटे चारला टवटवीत उठतो, अख्खं स्वयंपाकघर धुवायला काढतो, बोलायचा थांबत नाही, तर ती मेनियाची चाहूल. तेव्हा झोपेसाठी ट्रॅझोडोन, मिर्टाझापिनसारखं अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरचं औषध) नको. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

दुसरं, लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटसारखं मूड सांभाळणारं औषध नियमित चालू आहे ना? बायपोलरच्या पहिल्या प्रकारात (ज्यात पूर्ण मेनिया येतो) अँटिडिप्रेसंट एकटं देणं टाळावं, असं या आजारावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्येच सांगितलं. झोपेसाठीचा डोस लहान असतो, म्हणून धोका कमी धरतात. पण तो उरतोच.

ट्रॅझोडोन झोपेसाठी साधारण २५ ते १०० मिग्रॅ देतात. नैराश्यासाठी डोस १५० मिग्रॅपासून वर जातो. क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळीची लागते तशी सवय लागत नाही, हा मोठा फायदा. तरी लहान डोसवरही मेनिया उसळल्याच्या नोंदी आहेत. उठताना चक्कर येते, त्यामुळे रात्री लघवीला उठणाऱ्या वयस्कांना जपावं लागतं. पुरुषांमध्ये क्वचित लिंगाची ताठरता उतरत नाही. चार तास झाले तर लाजू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

मिर्टाझापिन ७.५ ते १५ मिग्रॅवर छान झोप आणतं आणि भूकही वाढवतं. अन्नावरची वासना उडालेल्या, वाळलेल्या पेशंटला ते सोयीचं. व्हॅल्प्रोएट किंवा ओलान्झापिनने आधीच वजन वाढलेल्याला नाही. काहींचे पाय रात्री तळमळतात, म्हणजे पुन्हा झोपेचं खोबरं.

झोपेसाठी दिलं जाणारं आणखी एक अँटिडिप्रेसंट, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, मी यादीतून काढूनच टाकेन. त्याच्या ट्रायसायक्लिक या जुन्या गटात मेनियाकडे उलटण्याचा धोका जास्त, आणि जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयावर घाला. हे औषध अनेकदा मायग्रेनसाठी किंवा पायांच्या जळजळीसाठी दुसऱ्याच डॉक्टरांकडून येतं, ज्यांना बायपोलरचं ठाऊकच नसतं. फाईल सोबत न्या, निदान सांगा. शिवाय त्याने घाम कमी होतो, आणि नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ अंशांवर. लिथियमवाल्यांनी तर उन्हाळ्यात पाणी आणि मिठाकडे लक्ष ठेवायलाच हवं. शरीर सुकलं की रक्तातलं लिथियम चढतं.

क्वेटायपिन या रांगेत वेगळं: ते अँटिडिप्रेसंट नाही, बायपोलरचंच औषध आहे. मेनिया आणि नैराश्य दोन्हींवर चालतं, रात्री घेतलं की झोपही येते. किंमत वजन, साखर आणि कोलेस्टेरॉलच्या रूपात मोजावी लागते. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत.

माझा कल असा: मूड डळमळीत असेल तर क्वेटायपिनबद्दल विचारा. मूड कित्येक महिने स्थिर, मूड सांभाळणारं औषध चालू आणि तक्रार फक्त झोपेची असेल, तर छोट्या डोसच्या ट्रॅझोडोनवर बोला, आणि पहिले काही आठवडे झोपेची वही घरातल्या कुणाला तरी ठेवू द्या. मेनिया चढतोय हे पेशंटला स्वतःला उशिरा कळतं.

गोळीशिवायच्या झोपेच्या थेरपीतला 'कमी वेळ अंथरुणात' हा भाग बायपोलरमध्ये मेनिया पेटवू शकतो, तो मोबाईलवर बघून करू नका. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांमधल्या मानसोपचार ओपीडीत विचारा. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ चालू असतो.