हंपी–बदामी सायकल सहलीच्या नावाखाली १,१०,००० रुपये गेले. पैसे भरण्याआधी वाचा

यंदाच्या हिवाळ्यात हंपी, बदामी, पट्टदकल सायकलवर आणि पायी करायचा विचार असेल, कुणी "सगळं आमच्याकडे सोपवा" म्हणत असेल, तर आधी हे वाचा. आमचे चौघांचे १,१०,००० रुपये गेले. तिथे पोचल्यावर आणखी १५,९६० रुपये खिशातून गेले. आणि आता पोलीस म्हणतात की ही फसवणूक नाहीच, कारण तुम्हाला एक दिवस गाडी मिळाली होती! ती एक दिवसाची गाडी त्यासाठीच दिली होती, हे मला आता कळतंय, आणि म्हणूनच लिहिते आहे.

मी काही पहिल्यांदा घराबाहेर पडलेली बाई नाही. सायकल चालवते, नकाशा वाचते, घरातल्या सगळ्या प्रवासांची तिकिटं मीच काढते. ओटीपी कुणाला देत नाही, अनोळखी लिंक उघडत नाही. पण हे लोक ओटीपी मागतच नाहीत. ते तुमच्याशी तासभर तुंगभद्रेबद्दल बोलतात.

सहल विकणाऱ्या माणसाची मी फोनवर परीक्षा घेतली होती. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखाबद्दल मुद्दाम विचारलं. त्याने मंगलेशाचं नाव सांगितलं, शके ५०० सांगितलं, म्हणजे इसवी सन ५७८ हेही सांगितलं. ऐहोळेच्या मेगुती मंदिरातला रविकीर्तीचा लेख ६३४ सालचा, त्यात दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती आहे, हे तर त्याने मी न विचारताच ऐकवलं. एवढं बोलणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला. तुम्हीही ठेवला असता.

कार्यक्रमाची पीडीएफ वाचूनच आम्ही हरखलो होतो. होस्पेटला उतरायचं. हंपीत विरूपाक्ष मंदिरापासून नदीकाठाने विठ्ठल मंदिरापर्यंत पायी, वाटेत अच्युतराय मंदिर. कोरॅकलमधून, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीतून, पलीकडे आनेगुंदीला. तिथून भातखाचरं आणि केळीच्या बागांमधून सायकली, सणापूरचा तलाव. मग बदामी, डोंगरातल्या पायवाटेने महाकूट, आणि शेवटी मलप्रभेच्या खोऱ्यात पट्टदकल आणि ऐहोळे सायकलवर. गियरच्या सायकली, हेल्मेट, मागे मदतगाडी आणि मेकॅनिक, सोबत पुरातत्त्वाचे अभ्यासक. माझ्या थोरल्या बहिणीला बदामीजवळच्या बनशंकरीचं दर्शन घ्यायचं होतं, ती तिच्या सासरची कुलदेवता. तेही कार्यक्रमात घालून दिलं, एक रुपया जास्त न घेता.

माणशी २४,५००, चौघांचे ९८,०००. जागा पक्की करायला ३० टक्के, म्हणजे २९,४००. नंतर उरलेले ६८,६००. आणि निघायच्या आठवड्यात "सायकलींची अनामत, परत मिळणार" म्हणून माणशी ३,०००, एकूण १२,०००. निम्मे पैसे भाऊजींचे होते, निवृत्तीनंतरच्या पुंजीतले. त्यांनी मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही, आणि मला त्यांच्यासमोर मान वर करून बोलता येत नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून हात थरथरतात. पीडीएफमध्ये लिहिलं होतं: दुपारचं जेवण हंपीत, त्यानंतर खेड्यापाड्यांतून निवांत सायकल, सूर्यास्त बदामीला अगस्त्य तलावाच्या काठी. हंपी ते बदामी हे अंतर साधारण १४० किलोमीटर आहे. दुपारी जेवून निघालेला माणूस सूर्यास्ताला तिथे पोचणं शक्यच नाही, निवांत तर सोडाच. हे मला दिसलं होतं. दिसलं नसतं तर एवढी चिडचिड झाली नसती. मी लगेच फोन करून विचारलं, आणि एक श्वासही न घेता उत्तर आलं, "ताई, तो पट्टा आपण गाडीने करतो, सायकली वर टाकून. पीडीएफमध्ये राहून गेलंय, सुधारून पाठवतो."

पटण्यासारखं उत्तर होतं. चांगल्या सहलींतही लांबचा टप्पा गाडीनेच करतात. पण सुधारलेली पीडीएफ आलीच नाही. त्याच संध्याकाळी निरोप आला की रात्री बारापर्यंत ६८,६०० भरले नाहीत तर चारपैकी दोन जागा दुसऱ्या कुटुंबाला जातील. बहिणीचीच जागा गेली तर काय, या एका भीतीपोटी मी पैसे भरले. अ‍ॅपवर पैसे घेणाऱ्याचं नाव कंपनीचं नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. त्यालाही उत्तर तयार होतं: "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, चालू खात्याची आजची मर्यादा संपली." पडद्यावर कंपनीऐवजी माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. कारण विचारू नका, कारण त्यांच्याकडे असतंच.

ती १४० किलोमीटरची चूक का झाली, ते मला नंतर उमगलं. दुसऱ्या एका सहलवाल्याचा कार्यक्रम सापडला, वाक्यं जशीच्या तशी तीच. त्यात हंपी आणि बदामीच्या मधे पूर्ण दिवस गाडीचा होता. यांनी तो दिवस खोडून सहल स्वस्त केली आणि दोन टोकं तशीच जोडून दिली. म्हणजे मला भुरळ घालणारा सगळा तपशील कुणा जाणकाराने घाम गाळून लिहिलेला होता आणि यांनी तो चोरला होता. फोटोही तसेच. आनेगुंदीच्या पानावर डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती होती. आनेगुंदीचा भात सपाट खाचरांत होतो, कालव्यांच्या पाण्यावर, आणि त्यातले काही कालवे विजयनगरच्या काळापासून वाहते आहेत. तोच फोटो इंटरनेटवर टाकून तो मुळात कुठला आहे ते शोधायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं द्या.

आणखी एक ओळ होती: "विठ्ठल मंदिरात गाइड संगीत खांब वाजवून दाखवतील." त्या खांबांवर टिचकी मारायलाही बंदी आहे. जो हे छापतो त्याने अलीकडे हंपीत पाऊल ठेवलेलं नाही किंवा त्याला नियमांशी देणंघेणं नाही. मला वाटलं, जाहिरातीत थोडं वाढवून लिहितातच.

होस्पेट स्टेशनवर आमच्या नावाचा कागद धरून एक टेम्पोवाला खरोखर उभा होता. तिथेच आम्ही निर्धास्त झालो. सायकली दिसत नव्हत्या. "सर संध्याकाळी सायकली घेऊन येणार," असं त्याला सांगितलेलं होतं. त्याने आम्हाला विरूपाक्ष दाखवलं, हेमकूट, कडलेकाळू गणपती, उग्र नरसिंह, आणि मग कमलापूरच्या बाजूला कमल महाल नि हत्तीखाना. तिकिटाचे माणशी ४० प्रमाणे १६० रुपये आम्हीच भरले, "सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट" असं लेखी असूनही. १६० रुपयांसाठी कुठे कटकट करायची, असं वाटलं. पहिला शब्द मोडला जातो तेव्हाच कटकट करा, रक्कम कितीही लहान असो.

संध्याकाळी त्या सहलवाल्याचा फोन बंद झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. टेम्पोवाल्याला १,५०० मिळाले होते आणि उरलेले ५,५०० पाहुणे देतील असं सांगितलं होतं. लॉजमध्ये दोन खोल्या आमच्या नावावर होत्या, पण पैसे शून्य. म्हणजे त्या दोघांच्या लेखी पैसे बुडवायला निघालेले आम्हीच होतो. काउंटरवर अर्धी हिंदी, अर्धी कन्नड असा वाद झाला, येणारेजाणारे थांबून बघायला लागले, आणि माझी बहीण बॅग मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसून राहिली. टेम्पोवाल्याचा काही दोष नव्हता. त्याला ५,५०० दिले. लॉजचे ७,२०० झाले, कारण परतीचं तिकीट आधी मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावात चार साध्या सायकली ६०० ला घेतल्या आणि २,५०० ला एक परवानाधारक गाइड. त्याने विठ्ठल मंदिर आणि आनेगुंदी मनापासून दाखवलं. असे अडकलेले लोक त्याला आधीही भेटले आहेत, असं तो म्हणाला. बदामी राहिली. बनशंकरीही राहिली.

आता सरकारी यंत्रणेबद्दल, कारण भामट्यांपेक्षा मला जास्त राग तिचा आहे.

फोन बंद झाल्या रात्रीच मी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, खातं रिकामं. होल्डवर आले, म्हणजे गोठवता आले, ते ३१२ रुपये. १९३० चा उपयोग पैसे गेल्या गेल्या होतो. या प्रकारात तर पैसे गेलेत हेच आपल्याला सहलीच्या दिवशी कळतं, आणि ते लोक नेमका एवढाच वेळ विकत घेतात.

तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे महाराष्ट्रातून दिले, तिकडे जा. इकडच्या ठाण्यात म्हणाले, घडलं कर्नाटकात, तिकडे तक्रार करायला हवी होती. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी छापून नेलं होतं. कागदाकडे न बघता ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "गाडी आली होती ना स्टेशनवर? मग सेवा दिली की त्यांनी. कमी दिली असेल. ही दिवाणी बाब आहे."

दिवाणी बाब! चोरलेला कार्यक्रम, खोटे फोटो, परक्या माणसाचं खातं, आणि जीएसटी क्रमांकही खोटा. रसीद पुण्याच्या पत्त्याची, तीवर जीएसटीचे ४,६६७ रुपये वेगळे दाखवलेले, पण क्रमांकाची सुरुवात ०७ ने. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, ०७ म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला तर भलत्याच व्यापाऱ्याचं नाव आलं. तपासायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. रसीद हातात आली की आधी ते दोन आकडे बघा. पैसे घेतानाच सहल द्यायचं मनात नव्हतं, याला यापेक्षा कुठला पुरावा हवा? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? एका टेम्पोचे १,५०० रुपये टाकून १,१०,००० रुपयांचा गुन्हा दिवाणी करून घेता येतो, हे त्या लोकांना ठाऊक आहे. ठाण्यात बसलेल्यांना ते दिसत नाही की बघायचं नाही, ते मला सांगता येणार नाही. मला खुर्चीवर बसवून "एवढे पैसे न भेटता दिलेच कसे?" असं तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं. घेणाऱ्याला शोधायचं एकानेही मनावर घेतलं नाही. अर्जाची पोचसुद्धा पहिल्या वेळी दिली नाही. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः केला, आमची जबाबदारी नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्याच्या मालकाचा पत्ता मागितला तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, गुन्हा नोंद नाही तर पत्र कसं देणार. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली. त्यांनी ती कंपनीच्या ईमेलवर पुढे पाठवली, तिथून उत्तर आलं नाही, आणि तक्रार बंद झाल्याचा मेसेज मला आला. ज्याने फोन बंद केला तो ईमेलला उत्तर देईल, ही अपेक्षा ठेवणारी व्यवस्था कुणासाठी बनवली आहे?

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. मी केली आहे. अडलं आहे ते पत्त्यावर. रसिदीवरच्या पत्त्यावर पाठवलेली माझी नोटीस परत आली. मी स्वतः जाऊन बघितलं, तिथे महिन्याच्या भाड्याने टेबलं मिळतात आणि ते टेबल आता दुसऱ्याचं आहे. पैसे भरण्याआधी कार्यालयात जाऊन या, नाहीतर त्या गावातल्या ओळखीच्या कुणाला तरी पाठवा. लॉजला स्वतः फोन करा आणि बुकिंग आहे का एवढंच नाही, पैसे भरलेत का ते विचारा. आणि परत मिळणारी अनामत सहलीआधी मागितली तर सांगा, सायकल हातात आली की देतो.

पोलीस अधीक्षकांना आता सगळे कागद जोडून पोस्टाने अर्ज पाठवला आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही तर कायद्याने पुढची पायरी तीच आहे, आणि त्यानंतरची दंडाधिकारी. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे की स्टेशनवर आलेल्या गाडीचे ५,५०० रुपये आम्ही भरले, टेम्पोवाल्याच्या सहीची पावती सोबत आहे. तुम्ही असे अडकलात तर तिथल्या माणसांशी भांडू नका, त्यांच्याकडून मिळालेले आणि बाकी राहिलेले पैसे कागदावर लिहून सही घ्या. लॉजवाल्याकडून मी ती घेतली नव्हती, आता फोनवरून मागते आहे.